त्या पस्तीस सेकंदांचा हिशेब

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. साधारण साडेतीन मिनिटांनी कॅप्टन सलनबर्गर यांनी ते विमान हडसन नदीत उतरवलं. आत १५५ माणसं होती, सगळी वाचली. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. नंतर चौकशीत जे झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. विमान परत धावपट्टीवर नेता आलं असतं का, हे पाहण्यासाठी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून तोच प्रसंग उभा केला गेला. पक्षी धडकल्याबरोबर ज्यांनी विमान वळवलं, त्यांच्यापैकी काहींना धावपट्टी गाठता आली. पण या वैमानिकांना काय घडणार आहे हे आधीच ठाऊक होतं. खऱ्या कॉकपिटमध्ये झालं तरी काय हे उमगायला वेळ लागतो, इंजिन पुन्हा सुरू होतंय का ते बघावं लागतं, मग कुठे जायचं ते ठरतं. या सगळ्यासाठी ३५ सेकंद धरून एक उड्डाण करून पाहिलं, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही. चौकशी अहवालाने हे स्पष्टपणे नोंदवलं.

हे ३५ सेकंद एरवी आपण कुणाच्या पदरात टाकतो? शस्त्रक्रिया करणारा सर्जन, आगीत शिरणारा अधिकारी, अतिदक्षता विभागातली परिचारिका, हवाई वाहतूक नियंत्रक, यांच्या हातून काही विपरीत घडलं की दुसऱ्या दिवशी आपण सगळे उंटावर बसून शहाणपण सांगतो. "एवढं साधं कसं दिसलं नाही?" निकाल चांगला लागला तर हारतुरे, वाईट लागला तर निलंबन आणि खटला. दोन्ही वेळा आपण शेवट बघून माणसाची किंमत करतो. यात त्या माणसावर अन्याय होतो, हे तर आहेच. माझी तक्रार त्याहून मोठी आहे. असा न्याय करण्याने पुढचे निर्णय बिघडतात, आणि त्या पुढच्या निर्णयांच्या टोकाला तुम्ही-आम्ही असतो. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर कसलेला माणूस दडपणाखाली नेमकं काय करतो, तिथून सुरुवात करायला हवी.

१९८० च्या दशकात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या प्रमुखांशी प्रदीर्घ बोलणं केलं. आगीसमोर उभे असताना हे लोक निदान दोन पर्याय तरी तोलून बघत असतील, असा त्याचा अंदाज होता. पण आपण निर्णय घेतो हेच त्या लोकांना मान्य होईना. काय करायचं ते दिसतं आणि आम्ही करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या एका अधिकाऱ्याचा अनुभव बारकाईने बघण्यासारखा आहे. एका बैठ्या घरात मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग होती. दिवाणखान्यातून पाण्याचा मारा केला, पण आग दबेना. पुन्हा मारा केला, तरी तेच. दिवाणखाना हवा होता त्यापेक्षा जास्त तापलेला होता, आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आगीचा आवाज मात्र फारच कमी. अधिकाऱ्याला काहीतरी खटकलं आणि त्याने सगळ्यांना तत्काळ बाहेर काढलं. पाठोपाठ ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. आग तळघरात होती, त्यांच्या पायाखाली. त्या अधिकाऱ्याला स्वतःला वाटत होतं की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. क्लाइनने त्याच्याकडून प्रसंग उलगडून घेतला तेव्हा कळलं की शक्ती वगैरे काही नव्हतं. स्वयंपाकघरातली आग कशी वागते हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं, आणि ही आग तशी वागत नव्हती.

बुद्धिबळातही हेच दिसतं. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला जाई. डाव खऱ्या खेळातला असेल तर निष्णात खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी जागच्या जागी मांडायचा. मोहरी वाटेल तशी विखुरली की त्याची ही किमया जवळजवळ संपायची. स्मरणशक्ती अफाट होती असं नाही, पटाची ओळख होती.

ही ओळख कशी तयार होते, याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण चंद्रमोहिमेतलं आहे. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ पावसाळी ढगांत उडालं. उड्डाणानंतर एका मिनिटाच्या आत यानावर दोनदा वीज पडली. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात विद्युतयंत्रणेच्या टेबलावर जॉन एरन नावाचा २६ वर्षांचा अभियंता बसला होता. त्याच्या पडद्यावरचे आकडे अर्थहीन झाले. त्याच्याकडून उत्तर आलं नाही तर मोहीम सोडून देण्याची पाळी होती. एरनने एक सूचना दिली, एका उपकरणाचं बटण दुय्यम पुरवठ्यावर टाका. मोहिमेचा प्रमुख गोंधळला, कारण या बटणाचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. यानाच्या कॅप्टनलाही ते आठवेना. ॲलन बीन या अंतराळवीराला मात्र ते कुठे आहे हे माहीत होतं. त्याने बटण फिरवलं आणि पडद्यावर नीट आकडे परत आले.

आपण याला प्रसंगावधान म्हणू, आणि ते होतंच. पण त्याची मुळं सुमारे वर्षभर मागे आहेत. एका चाचणीच्या वेळी एरनला पडद्यावर असेच विचित्र आकडे दिसले होते. त्यातून काही नुकसान झालं नव्हतं, सोडून दिलं असतं तरी कुणी जाब विचारला नसता. पण ते आकडे तसे का आले याचा त्याने माग काढला, वीजपुरवठा खाली गेला की अमुक उपकरण असं वागतं हे शोधलं, आणि ते बटण त्याला कायमचं माहीत झालं. ढगांतल्या त्या मिनिटात त्याने नवं काही शोधलं नाही, जुनी ओळख पटवली. एक बिघाड झाला, त्याबद्दल मोकळेपणाने विचारता आलं, आणि खरं उत्तर परत मिळालं. माझा सगळा युक्तिवाद या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

कारण नुसत्या वर्षांनी नजर तयार होत नाही. डॅनिएल कानेमन हे माणसाच्या अंतःप्रेरणेवर कायम संशय घेणारे आणि क्लाइन हे तिची थोरवी सांगणारे. अशा दोन विरुद्ध टोकांच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला आणि एका मुद्द्यावर त्यांचं जमलं. तज्ज्ञाच्या 'आतून वाटण्यावर' विश्वास ठेवायचा तर दोन गोष्टी हव्यात. त्या क्षेत्रात खुणा आणि परिणाम यांचा काही पक्का संबंध असायला हवा, आणि तो संबंध शिकण्याची पुरेशी संधी माणसाला मिळालेली असायला हवी, म्हणजे आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे वेळेत कळायला हवं. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला उद्या पाऊस पडला की नाही ते उद्याच दिसतं, म्हणून त्याचा अंदाज सुधारतो. शेअरचे भाव सांगणाऱ्याची वीस वर्षं मात्र त्याचा आत्मविश्वास तेवढा वाढवतात.

आता आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरचा विचार करा. रात्री छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो. डॉक्टर तपासतो, ईसीजी बघतो आणि ठरवतो की हे पित्त आहे, घरी जाऊ द्या. किंवा ठरवतो की हा हृदयाचा झटका आहे, वर दाखल करा. दोन्ही बाबतींत तो माणूस त्याच्या नजरेआड होतो. घरी गेलेला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच रुग्णालयात पोचला, तर या डॉक्टरला कोण कळवणार? दाखल केलेल्याचं निदान वॉर्डमध्ये तिसऱ्या दिवशी बदललं, ते या डॉक्टरपर्यंत कोण आणणार? त्याने स्वतः खटपट करून फाइल शोधली तरच. त्याची पंधरा वर्षं पंधरा वर्षांचा अनुभव ठरतील, की एकाच वर्षाची पंधरा आवर्तनं? मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. ज्याच्या नजरेवर आपण जीव सोपवतो, त्याच नजरेला शिकायला लागणारी माहिती आपण दारातच अडवून ठेवतो. जिथे ती पोचते तिथेही बहुतेक वेळा फक्त वाईट बातमी पोचते, आणि ती वकिलाच्या नोटिशीतून.

दडपणाचं एक अंग शरीराचंही आहे. धोका जाणवला की लक्ष आक्रसतं. समोरचं काम प्रखर दिसतं, बाजूचं दिसेनासं होतं, आणि किती वेळ गेला याचं भान सुटतं. ब्रिटनमध्ये २००५ साली एका तरुण स्त्रीला सायनसच्या साध्या, आधी ठरवलेल्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली. श्वासनलिकेचा मार्ग मोकळा होईना, नळी जाईना. अनुभवी भूलतज्ज्ञ होते, मदतीला आणखी ज्येष्ठ डॉक्टर आले. नळीने जमत नाही आणि प्राणवायूही पोचत नाही, अशा वेळी गळ्याला छेद देऊन वाट करायची, हा त्यांचा माहितीतला नियम. तरी ते नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले, वीस मिनिटांहून अधिक काळ. प्रत्येक प्रयत्नाला, हा जमेल असंच वाटत असणार. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याची सामग्री आणून ठेवली आणि ती तयार आहे असं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवायला फोन केला, परत आल्यावर डॉक्टरांचे चेहरे पाहून आपण उगाच घाई केली असं तिला वाटलं आणि तिने ती खाट रद्द केली. काय करायला हवं हे परिचारिकांना कळत होतं, ते कसं म्हणावं हे कळत नव्हतं. ती स्त्री तेरा दिवसांनी गेली.

ते डॉक्टर नालायक होते असं मला वाटत नाही. अशा क्षणी स्वतःचं आक्रसलेलं लक्ष स्वतःला दिसत नाही, ते शेजारच्याने दाखवावं लागतं. म्हणून दडपणाखालचं कौशल्य एकट्याच्या डोक्यात राहतं ही समजूत धोक्याची आहे. विमानसेवेने हे फार मोठी किंमत मोजून शिकलं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणाला निघालेल्या विमानात उड्डाण अभियंत्याने विचारलं होतं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून हटलेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, हटलं आहे. तो कॅप्टन त्याच्या विमान कंपनीतला नामांकित प्रशिक्षक होता. अभियंत्याने पुन्हा विचारलं नाही. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा भाग आला: कनिष्ठाने कसं बोलायचं, आणि ज्येष्ठाने ते कसं ऐकायचं. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा भरवली, पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी ते शिकवायला सुरुवात केली. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला एक विमान जवळजवळ सगळं नियंत्रण गमावून उतरलं, २९६ पैकी १८४ माणसं जगली. कॅप्टन हेन्स यांनी त्याचं श्रेय या प्रशिक्षणाला दिलं. प्रवाशांत बसलेला एक वैमानिक-प्रशिक्षक पुढे येऊन इंजिनांचे लिव्हर सांभाळत होता. आणि हडसनवर उतरायला काही सेकंद उरले असताना सलनबर्गर यांनी सहवैमानिकाला विचारलं, काही सुचतंय का? सहवैमानिक म्हणाला, खरं तर नाही. मला हा सगळ्या घटनेतला सर्वात शिकलेला क्षण वाटतो. हजारो तासांचं उड्डाण गाठीशी असलेला माणूस, मृत्यू समोर, आणि तो विचारतो आहे.

तर आता शिक्षेकडे येऊ. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दाखवून दिलं की घटनेचा शेवट कळला की तो शेवट आधीपासून होणारच होता असं माणसाला वाटू लागतं, आणि शेवट कळल्यामुळे आपलं मत बदललं हेही त्याला जाणवत नाही. आपल्या भाषेत याला पश्चातबुद्धी म्हणतात. चौकशी समितीतले सदस्य, न्यायाधीश, पत्रकार, आपण वाचक, सगळेच तिच्या तावडीत असतो. समजा, घटना घडली त्या खोलीत तेव्हा दहा खुणा होत्या. शेवट कळल्यावर त्यातली एकच ठळक दिसते, आणि "ती का पाहिली नाही?" हा प्रश्न रास्त वाटू लागतो. उरलेल्या नऊ खुणा उलट दिशेला बोट दाखवत होत्या, हे कागदावर येतच नाही.

मग पुढच्या वेळी काय होतं? चुकता चुकता वाचलेला वैमानिक गप्प बसतो. चुकीचं औषध भरलेली सिरिंज वेळीच लक्षात आली तर परिचारिका ती मुकाट्याने फेकून देते. वरवर काही घडलंच नाही. एरनला मिळालेला तो विचित्र आकडा या लोकांनाही मिळालेला असतो, फक्त त्याबद्दल कुणाला विचारण्याची सोय नसते. धाकाचा आणखी एक परिणाम थेट हातांवर होतो. सराव झालेलं काम करताना माणूस स्वतःच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवू लागला की ते काम बिघडतं, हे मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या गोल्फवरच्या प्रयोगांत दिसलं. आपल्या प्रत्येक टाक्याचा उद्या पंचनामा होणार आहे या विचाराने टाके घालणारा सर्जन मला नको आहे.

"म्हणजे कुणीच जबाबदार नाही?" हा प्रश्न येणार, आणि ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांच्या तोंडी तो आला तर त्यांच्यापुढे तत्त्वज्ञान सांगण्याचा मला अधिकार नाही. पण उत्तर आहे. दारू पिऊन विमान चालवणारा, नोंदी खोट्या करणारा, इशारे कळूनही जाणूनबुजून धुडकावणारा, यांना शिक्षा व्हायलाच हवी आणि त्यात हयगय नको. प्रामाणिक चुकीची जात वेगळी आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा विमानवाहतुकीतल्या चुकांचे गोपनीय अहवाल गोळा करते. हेतुपुरस्सर नसलेल्या नियमभंगाची माहिती दहा दिवसांत स्वतःहून दिली, तर काही अटींवर दंड माफ होतो. गुन्हा किंवा अपघात असेल तर ही सवलत मिळत नाही. रेषा कुठे ओढायची हे ठरवता येतं, आणि ती ओढून जवळपास पन्नास वर्षं झाली आहेत. त्या ब्रिटिश स्त्रीचा नवरा स्वतः वैमानिक होता. त्याने खटल्याऐवजी स्वतंत्र चौकशी मागितली आणि पुढे २००७ मध्ये वैद्यकीय क्षेत्रातल्या मानवी चुकांवर काम करणारा गट उभा केला. त्याने डॉक्टरांना मोकळं सोडलं असं कुणी म्हणणार असेल, तर ते मला पटत नाही. त्याने त्यांच्याकडून खटल्यातून कधीच मिळालं नसतं ते मिळवलं.

थकव्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ मध्येच प्रसिद्ध झालं. तरीही चोवीस तासांच्या पाळीनंतर झालेली चूक आपण पाळी लावणाऱ्याच्या नावावर लिहीत नाही.

सरावाबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. सिम्युलेटर घ्या, तालीम करा, असं म्हणणं सोपं आहे, पण तालीम चुकीचीही घट्ट बसते. तेनेरिफच्या त्या कॅप्टनचा बराच काळ प्रशिक्षण देण्यात जाई. सिम्युलेटरमध्ये उड्डाणाची परवानगी प्रशिक्षकच देतो, नियंत्रकाची वाट बघावी लागत नाही, आणि त्या सवयीचा वाटा असू शकतो हा मुद्दा अभ्यासकांनी मांडला. तालमीत कनिष्ठाचं "थांबा" म्हणणं आणि ज्येष्ठाचं थांबणं हेही रंगवायला हवं. ऑपरेशन थिएटरमध्ये हे सुरू करायला महागडं यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची शस्त्रक्रियेची तपासणी यादी एका कागदावर मावते, आणि छेद देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं हाही तिच्यातला एक भाग आहे. नाव सांगितलेल्या माणसाला नंतर तोंड उघडणं थोडं सोपं जातं.

मला चौकशीच्या प्रत्येक अहवालात एक पान हवं आहे: त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, किती वेळ हातात होता आणि शेजारी कोण काय म्हणालं. निष्कर्ष त्या पानानंतर यावा. आणि रुग्णालयांकडून एक छोटी गोष्ट हवी आहे, तिला कायदा लागत नाही. आपत्कालीन विभागातून वर गेलेल्या रुग्णाचं अंतिम निदान आठवड्याभरात त्याला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरकडे आणि परिचारिकेकडे परत जावं. ठपका नको, शाबासकी नको. तुम्ही हे ठरवलं होतं, शेवटी हे निघालं, एवढ्या दोन ओळी पुरतील.